पुन्हा खेळवलेला गुण

सत्तावीस सेकंदांच्या त्या चित्रफितीत अकराव्या सेकंदाला सरिता रंगारी उठून उभी राहते. आपण उभं राहिल्याचं तिला रविवारी सकाळी साडेआठपर्यंत माहीत नव्हतं. शनिवारची सबंध संध्याकाळ तिने एका वेगळ्याच सरितेसोबत काढली होती. ती सरिता टेनिसच्या पंचाच्या उंच खुर्चीवर ताठ बसून होती. गोंगाट झाला म्हणून, केवळ गोंगाट झाला म्हणून, तिने 'लेट' पुकारला होता, म्हणजे चालू गुण रद्द करून तो नियमाप्रमाणे पुन्हा खेळायला लावला होता. ती सरिता सोयीची होती. तिच्या हातून कुणावर अन्याय झाला असलाच, तर तो नियमपुस्तिकेच्या पोटात शिरून झाला होता, आणि नियमपुस्तिकेवर रागावता येतं. सकाळी राजकुमार सरांनी, महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या तिच्या सहकाऱ्याने, फोनवर ती फीत पाठवली आणि खाली लिहिलं, 'मॅडम, तुम्ही तं फेमस झाल्या.' तिने ती एकदा पाहिली. मग कागद-पेन्सिल घेऊन, जुन्या दस्तऐवजाचं वाचन करावं तशी, सेकंदांची टिपणं काढत पाहिली. आठव्या सेकंदाला चेंडू जमिनीवर पडतो. नवव्याला तो मागच्या हिरव्या कापडावर आपटून खाली घरंगळतो. दहाव्याला ध्वनिक्षेपक गरजतो. अकराव्याला पंच उभी राहते, दोन्ही हात छातीशी जोडलेले. तेराव्याला तिचं तोंड उघडतं, 'लेट' म्हणायला. चित्राच्या डाव्या अर्ध्यात फाटकातून अभिनेता समीरण रायचंद येत असतो, साय-रंगाचा सूट, गवती टोपी, आणि खाली लोकांनी लिहिलेलं असतं: छोटे शहर का बड़ा दिल. अडीच लाख माणसांनी ती फीत पाहिली होती. चेंडू त्यांच्यापैकी एकानेही पाहिला नव्हता.

समीरण रायचंद टेनिसप्रेमी आहे ही गोष्ट देशाला ठाऊक आहे. अमुक नटी मांजरं पाळते, तमुक नट दूध पीत नाही, या गोष्टी जशा ठाऊक असतात तशी. दर जानेवारीत तो मेलबर्नला दिसतो आणि जुलैमध्ये लंडनच्या हिरवळीवर. दोन गुणांच्या मध्ये कॅमेरा घाम पुसणाऱ्या खेळाडूला सोडून प्रेक्षागारात हिंडू लागतो आणि हिंडत हिंडत त्याच्यापाशी येऊन विसावतो. आणि तो, कॅमेरा आपल्यावर आल्याचं कळूनही न कळल्यासारखं करत, हनुवटीखाली दोन बोटं धरून मैदानाकडे पाहत राहतो. सरिता हे वर्षानुवर्षं पाहत आली होती, भंडाऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात, उत्तरपत्रिका तपासता तपासता, आणि वर्षानुवर्षं चिडत आली होती. चीड त्याच्या तिथे असण्याची नव्हती. माणसाला खेळ आवडू शकतो, आणि लंडनला जाण्याइतकी ऐपत असणं हा काही गुन्हा नव्हे. चीड होती ती क्रमाची. कोण कसं खेळतो यावरून पाहणाऱ्याची अभिरुची जोखायची, ही तिच्या लेखी जगाची साधी रीत. इथे कोण पाहतो आहे यावरून खेळाची पत ठरत होती. अमुक तारका तिसऱ्या रांगेत बसली म्हणून सामना मोठा. तमुक गायकाने टाळी वाजवली म्हणून फटका अविस्मरणीय. ती इतिहासाची माणूस. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातली बैठकव्यवस्था हा तिच्या प्रबंधाचा विषय होता: कुणी बसायचं, कुणी उभं राहायचं, कुणी किती पावलं पुढे यायचं आणि कुणाकडे पाठ न करता मागे सरायचं. चारशे बारा पानं. दरबारात सत्ता गादीवर नसते, ती समोर उभ्या असलेल्यांच्या गुडघ्यांत असते, असं एक वाक्य तिने त्यात लिहिलं होतं. परीक्षकांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून समासात 'छान' असा शेरा दिला होता. आता ते वाक्य आठवताना तिला स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहवेना.

तो इकडे आला होता तो वाघ पाहायला. जंगलाच्या कडेला जी महागडी विश्रामगृहं झाली आहेत त्यांतल्या एकात तो उतरला, आणि क्लबचे सचिव भैय्यालालजी, ज्यांच्या तुमसरला दोन राइस मिल आहेत आणि ज्यांनी आयुष्यात रॅकेट केवळ फोटोपुरती धरली आहे, त्याला जाऊन भेटले. 'सर, हमारे यहाँ भी टेनिस है,' असं ते म्हणाले म्हणे, आणि तो म्हणाला, 'ज़रूर आऊँगा.' एवढ्यावर क्लबच्या अठरा वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेचे फलक रातोरात बदलले. खेळणाऱ्या मुलींची नावं खाली बारीक अक्षरांत सरकली आणि वर गवती टोपी आली. आपल्या भागात पाहुणा आला की चालू असलेली गोष्ट थांबते, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकातला राजा मरता मरता थांबतो आणि सभापतींचा सत्कार होऊन गेल्यावर मरतो. लग्नात मंगलाष्टकं अडवून आमदारांच्या आगमनाची नोंद घेतली जाते. शोकसभेतही मृताच्या आठवणी अर्ध्यावर सोडून कुणाच्या तरी खांद्यावर शाल पडते, आणि मृताची काही तक्रार नसते. टेनिसला ही रीत माहीत नव्हती, आणि टेनिस काय आहे हे सूत्रसंचालक धनंजयला माहीत नव्हतं. जिल्ह्यातला एकही कार्यक्रम धनंजयच्या आवाजाशिवाय होत नाही. उद्घाटन, निरोप, बारसं, जयंती. चेंडू खेळात असताना प्रेक्षक श्वास रोखून गप्प बसतात ते कशासाठी, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. इतकी शांतता म्हणजे लोक आपलीच वाट पाहत आहेत, असा त्याचा प्रामाणिक समज झाला.

आणि त्या शांततेत राखी गभणे सर्व्हिस करत होती. ही पोर लाखनीची. महामार्गाला लागून तिच्या वडिलांचं ट्रकच्या टायरचं दुकान. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी धान वाळवायच्या सिमेंटच्या ओट्यावर खडूने कोर्ट आखून दिलं, त्यावर ती शिकली. हंगामात ओट्यावर धान पसरलं की दोन महिने सराव बंद. सिमेंटवर चेंडू खाली राहतो आणि लवकर येतो, म्हणून तिच्या फटक्यांत एक आखूड, घाईचा, कुणी न शिकवलेला झटका होता. नागपूरच्या अकादमीतल्या मुलींना तो वाचता येत नसे. समोर नागपूरचीच रिता होती, गुणी आणि सभ्य पोर, जिचा या प्रकरणात काहीही दोष नाही. उपांत्य सामना. जिंकेल ती अंतिम फेरीत आणि राज्याच्या सराव शिबिराला. राखीला मार्चमध्ये अठरा पूर्ण होणार होती. यानंतर तिच्या वयाची स्पर्धाच नव्हती. तिसरा सेट, पाच-चार, चाळीस-तीस. एक गुण हवा होता. सात-आठ फटक्यांची देवाणघेवाण झाली आणि मग राखीने तो झटका दिला. चेंडू साइडलाइनच्या आत, रेषेपासून चांगला चार बोटं आत पडला आणि लाल मातीवर लंबगोल खूण उमटली. रिताने रॅकेट खाली केली. सरितेने ती खूण पाहिली होती. आज फितीत दिसत होती त्याहून स्पष्ट, खुर्चीच्या उंचीवरून, उन्हात, कडा कोरलेली. 'गेम, सेट आणि सामना' हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. त्याच वेळी धनंजयचा आवाज आला, 'आणि आता, ज्या क्षणाची आपण सारे आतुरतेने वाट पाहत होतो...' आणि मैदान उठलं. तिला वाटत आलं होतं की मैदान उठलं आणि ती बसून राहिली. फीत सांगत होती की मैदानाआधी ती उठली.

सत्कार बावीस मिनिटं चालला. शाल, श्रीफळ, भंडाऱ्याची पितळी समई, पुष्पगुच्छ. मग ज्यांची नावं राहून गेली त्यांच्या हस्ते दुसरा पुष्पगुच्छ. सगळं कोर्टच्या कडेला, खेळाडूंच्या बाकांसमोर. राखी बाकावर बसली होती; कुणीतरी तिला खुणेने उठायला सांगितलं, कारण मागे फलक दिसत नव्हता. समीरण रायचंदला दोन चेंडू मारून पाहायची इच्छा झाली, आणि जवळात जवळची रॅकेट राखीची होती. त्याने ती अदबीने मागितली. दोन चेंडू मारले, बरे मारले, आणि 'थँक यू, चॅम्प' म्हणत रॅकेट परत दिली. राखीने रॅकेटची मूठ टॉवेलने पुसून पाहिली, मग पुन्हा पुसली, आणि नाकाशी धरली. कसल्यातरी अत्तराचा वास तिला लागला असावा. हे सगळं सरितेने पाहिलं. त्या बावीस मिनिटांत तिच्या मनात संतापाची जी भाषणं रचली जात होती ती आजही तिला पाठ होती. दरबार, नजराणा, मुजरा. लोकशाहीच्या पंच्याहत्तरीनंतरही वाकायला जागा शोधणारे कणे. स्वतःची सावली पाहायला जगभर फिरणारे प्रेक्षक. सुंदर वाक्यं होती. ती मनातल्या मनात रचत असतानाच ती खुर्चीवरून खाली उतरून रांगेत उभी होती, आणि तिच्या हातात एक फूल होतं.

खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा राखीचं अंग थंड पडलं होतं. पहिली सर्व्हिस जाळीत गेली. दुसरी हातभर बाहेर. पुढचं सांगण्यासारखं काही नाही, पाच-सात. दोन गेमनंतर पाहुणे निघून गेले आणि त्यांच्यामागे निम्मं मैदानही; निकाल पाहायला उरले ते दोघींचे घरचे आणि चहावाला. सामना संपल्यावर खेळाडूंनी पंचांशी हात मिळवायचा असतो. राखीचा हात कोरडा आणि गार होता. 'थँक्यू मॅडम,' ती म्हणाली. त्या दोन शब्दांत उपरोध असता तर बरं झालं असतं.

फोन उपडा ठेवून ती खिडकीशी उभी राहिली. बाप आठवायला नको होता, आणि आठवला. गुलाब रंगारी, मूळचा पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचा, याच क्लबात बत्तीस वर्षं मार्कर होता. कोर्ट झाडायचं, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेषा ओढायच्या, आणि साहेबांना जोडीदार कमी पडला तर समोर उभं राहून त्यांना जिंकता येईल इतपत खेळायचं. विटांची भुकटी आणि मुरूम चाळून त्याने ती माती बनवली होती. पहाटे साहेब यायच्या आधी त्याच मातीवर त्याने सरितेला खेळायला शिकवलं. साहेब आले की तो उभा राहायचा. बसलेला असला तर उठायचा, उभा असला तर आणखी उभा राहायचा. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या आजोबांचा हा मुलगा. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून तो लेकीला सांगायचा की कुणापुढे वाकायचं नाही, आणि सकाळी साडेसहाला ती त्याला हात बांधून उभा पाहायची. अकरा-बारा वर्षांच्या तिला ते उभं राहणं भयंकर झोंबायचं. आपण शिकू, बसू, बसूनच राहू, असं तिने तेव्हा ठरवलं असावं. पंचाची परीक्षा तिने दिली ती खेळाच्या प्रेमाने, असं ती सांगते. पण खरं तर त्या खुर्चीच्या प्रेमाने. त्या कोर्टच्या कडेला साऱ्यांच्या डोक्यांहून उंच अशी एकच जागा होती, आणि तिच्यावर बसायचं असतं.

पण बापाची गोष्ट उभं राहण्यापाशी संपत नाही. तिने ती आजवर तिथेच संपवली होती, प्रबंधातल्या एखाद्या तळटीपेसारखी. एकदा एका पोलीस कप्तानाचा चेंडू रेषेबाहेर पडला. पैज लागलेली होती, वरिष्ठ बघत होते. कप्तानाने विचारलं, 'गुलाब, अंदर था ना?' गुलाब उभाच होता. हात बांधलेले, मान खाली. त्याने जाऊन खूण पाहिली, तिच्याभोवती बोटाने गोल काढला, परत आला, पुन्हा हात बांधले आणि म्हणाला, 'बाहर था साब.' नंतर अकरा दिवस त्याला क्लबात येऊ दिलं नाही. त्या अकरा दिवसांत आई, मालनबाई, चुलीपुढे बसून बोलत राहिली: 'नखायेवढी जागा व्हती. देऊन टाकली असती सायबाले त काय झालं असतं?' आणि बाप बाजेवर पडल्या पडल्या म्हणाला होता, 'मायी असती त देल्ली असती. ते मातीची व्हती.' सरितेला आता खिडकीशी उभं असताना ते स्पष्ट दिसलं, एखाद्या पुस्तकातली आपल्यालाच चुकीची लागलेली ओळ अचानक नीट लागावी तसं. बाप उभा राहत होता, पण खोटं बोलत नव्हता. ती उभी राहिली आणि खोटं बोलली. त्याच्याकडचं जे टाकून द्यायचं ठरवलं होतं तेवढंच तिच्याकडे उरलं होतं.

यापुढचं आठवायला तिला मन घट्ट करावं लागलं. सत्काराच्या रांगेत समीरण रायचंद तिच्यासमोर आला तेव्हा त्याने फूल घेतलं, आणि पुढे न जाता थांबला. जवळून त्याचे डोळे दमलेले होते. त्याने हळू आवाजात विचारलं, 'मॅडम, मेरी वजह से मैच रुका क्या? पॉइंट तो शायद हो गया था. मैंने बॉल देखी, अंदर थी.' त्या सबंध मैदानात तिच्याखेरीज आणि त्या दोन मुलींखेरीज चेंडू पाहिलेला माणूस, तिच्या समजुतीप्रमाणे, हा एवढाच होता. टेनिस खरोखरच आवडत असलेला. आणि ती म्हणाली होती, 'नहीं सर, बिल्कुल नहीं.' हसून म्हणाली होती. त्यानेही पुन्हा विचारलं नाही. ज्याला दिसलं होतं त्याने एकदाच विचारलं आणि मिळालेल्या उत्तरावर सुखाने समाधान मानलं, काळा चष्मा चढवला, पुढच्या फुलाकडे गेला. त्याच्यावर चिडायला एवढी जागा शिल्लक होती, आणि ती जागा फारशी मोठी नव्हती.

दुपारी तीनला ती क्लबात पोचली. अंतिम सामना साडेचारला होता; त्याआधी निवड समिती बसायची होती. अंतिम फेरीतल्या दोघी शिबिराला जाणार हे ठरलेलं, पण तिसरी जागा समितीच्या हातची असते, आणि ती पंचांचे अहवाल पाहून दिली जाते. कचेरीत भैय्यालालजी आणि स्पर्धेचे मुख्य रेफरी विनोद होते. विनोद नागपूरचा, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. त्याने पंचगिरीचे पहिले धडे तिच्याकडेच घेतले होते.

'या, या मॅडम,' भैय्यालालजी म्हणाले. 'भंडाऱ्याचं नाव तुमी कुठच्या कुठं नेलं. मायी पोरगी बंगलोरले आहे, तिनं पाहून फोन केला. म्हणे बाबा, ते हात जोडलेल्या बाई कोन आहेत.'

विनोदने अहवालाचा छापील कागद पुढे सरकवला. त्याने तो भरून ठेवला होता. 'व्यत्यय' या रकान्यात लिहिलं होतं: प्रेक्षकांचा गोंगाट, लेट, खेळ नियमानुसार पुढे. 'सही करून द्या मॅडम. समिती बसूनच राहिली आहे.'

'गुण संपला होता, विनोद. गोंगाटाच्या आधी.'

तो कागदाकडे पाहत राहिला. 'मले मालूम आहे ना, मॅडम.'

'मग काल बोलला का नाहीस?'

'खुर्चीवर तुम्ही होत्या. अन् मी हार घेऊन उभा होतो.' त्याने आवाज खाली केला. 'आता निकाल तं बदलत नाही. हातात हात देऊन झाले. तुम्ही हे लिहिलं की चौकशी लागन, तुमचा पंचाचा बॅज जाईन. वीस वर्षं झाली मॅडम.'

'तिसरी जागा आहे.'

'आहे. पन गोंगाटानं लेट, हा तं नियमच आहे. यावर कोनी काऊन देईन जागा?'

भैय्यालालजींना आता कुठे विषय कळला. ते दुखावल्यासारखे दिसले. 'बाई, त्या मानसानं सिंथेटिक कोर्ट करून देतो म्हटलं, माहीत आहे का? निळं. टीव्हीत असते तसं. ना पानी माराचं, ना रूळ फिरवाचा. अन् तुमी एका पॉइंटाले धरून बसल्या.'

'सिंथेटिकवर खूण राहत नाही, भैय्यालालजी.'

'हाव ना. साफ राह्यते एकदम.'

ती कोरा फॉर्म मागून घेऊन बाहेर आली. व्हरांड्यात बाकावर राखी आणि तिची आई बसल्या होत्या. सहभागाचं प्रमाणपत्र घ्यायला लाखनीहून आलेल्या. चंद्रकला गभणे पदर सावरत उठू लागली.

'बसा,' सरिता म्हणाली, नको इतक्या जोराने. मग खाली त्यांच्या शेजारी बसत, 'बसा ना. मी तुमच्याकडेच आले. काल राखीचा गुण झाला होता. सामना राखीने जिंकला होता. मी चुकीचा पुकारा केला.'

चंद्रकलाने लेकीकडे पाहिलं. 'हे तं रातभर तेच म्हनून राहिली होती जी. मी म्हटलं, मॅडमले जास्त समजते का तुले.'

'मले मालूम होतं,' राखी म्हणाली. 'खूण होती ना. सत्कारात लोकायनं चप्पल-बुटानं मिटवली. मी पाहूनच राहिली होती.'

'मग बोलली का नाहीस?'

राखीने तिच्याकडे सरळ पाहिलं. 'कोनाले बोलू? तुमालेच बोलाचं राह्यते ना. अन् तुमी फूल घेऊन उभ्या.' मग आवाज जराही न चढवता, 'तुमी उभ्या काहून झाल्या, मॅडम? बाकीचे झाले ते झाले. त्यायले काय समजते.'

सरितेकडे या प्रश्नाची चारशे बारा पानं होती. त्यातलं एकही वाक्य या पोरीला देण्याजोगं नव्हतं. तिने पेन काढलं, फॉर्म मांडीवरच्या पर्सवर ठेवला आणि 'व्यत्यय' या रकान्यात लिहिलं: तिसऱ्या सेटमध्ये पाच-चार, चाळीस-तीस असताना राखी गभणे हिचा फटका रेषेच्या आत पडून गुण पूर्ण झाला होता व सामना तिने जिंकला होता. प्रेक्षकांच्या गोंगाटामुळे माझ्याकडून लेट पुकारला गेला. ही चूक माझी आहे. अक्षर नेहमीसारखं होतं, गोल आणि सुटं. लिहून होताच तिला हलकं वाटलं. छातीवरचं काही उतरल्याचं जे हलकेपण चांगल्या माणसांना चांगलं काम केल्यावर वाटतं ते. तिने कागद राखीला दिला.

राखीने तो ओठ हलवत वाचला. शेवटाला आली आणि पुन्हा वर गेली.

'गोंगाट मंग झाला,' ती म्हणाली.

'काय?'

'चेंडू पडला, मंग गोंगाट. तुमी लिहिलं गोंगाटामुळं. समितीवाले म्हनतीन, गोंगाट झाला तं लेट बराबर आहे. मंग मले काहाले देतीन जागा?'

'राहू दे ना वो पोरी,' चंद्रकला म्हणाली. 'मॅडमनं येवढं लिहून देल्लं.'

'नाई आई. येवढं लिहिलं तं हेबी लिहा लागन.' तिने कागद परत सरितेच्या मांडीवर ठेवला आणि त्या शब्दावर बोट टेकवलं. 'पावना आला म्हनून तुमी उभ्या झाल्या. उभ्या झाल्यावर लेट म्हटलं. तेच झालं ना?'

पोरीचं बोट जाड होतं, रॅकेटच्या मुठीने घट्टे पडलेलं. तिच्या स्वरात राग नव्हता; समोरच्याने चेंडू कुठे पडला ते नीट सांगावं, एवढीच मागणी होती. आणि सरितेच्या मनात, अगदी आत, अजूनही काहीतरी धडपडत होतं: दुसरा शब्द शोधू, 'अनवधानाने' म्हणू, 'औपचारिकतेच्या ओघात' म्हणू, हे समितीपुढे वाचलं जाईल, राजकुमार सरांपर्यंत जाईल, विद्यार्थ्यांपर्यंत जाईल, रंगारी गुलाबची पोरगी पाहुणा पाहून उठली असं याच व्हरांड्यात कुणीतरी म्हणेल. ती धडपड तिने पुरती होऊ दिली. तिला तिची ओळख पटली. सकाळपर्यंत ताठ बसून राहिलेली ती सोयीची सरिता हीच.

'हो,' ती म्हणाली. 'तेच झालं.'

तिने 'प्रेक्षकांच्या गोंगाटामुळे' हे शब्द खोडले. 'माझ्याकडून लेट पुकारला गेला' हेही खोडलं. वरच्या मोकळ्या पट्टीत जागा थोडी होती. अक्षर बारीक करत तिने लिहिलं: गोंगाट त्यानंतर झाला. पाहुणे आले म्हणून मी उभी राहिले, आणि उभी राहिले म्हणून मी लेट दिला. पाहुण्यांनी स्वतः मला विचारलं होतं. त्यांनाही मी खोटं सांगितलं. हे शेवटचं राखीने मागितलं नव्हतं. राखीने ते वाचलं, भुवया किंचित वर गेल्या. सही झाल्यावर तिने कागदाचा फोनवर फोटो काढला, दोनदा, दुसऱ्यांदा सावली येऊ न देता.

'मी देऊन येतो,' ती म्हणाली. आपल्याकडच्या पोरी 'येते' न म्हणता 'येतो' म्हणतात तसं.

'मी येते बरोबर. त्यांना विचारायचं असेल तर मला विचारू दे.'

राखी पुढे चालू लागली, कागद दोन्ही हातांनी धरून, सरिता तिच्यामागून. समितीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. राखीने ते ढकललं. आत लांबट टेबलाभोवती पाच जण बसले होते, भैय्यालालजी धरून, समोर पोह्यांच्या बश्या. सगळ्यांनी माना वर करून दाराकडे पाहिलं, कोण आलं आहे ते पाहिलं, आणि कुणीही उभं राहिलं नाही.